गाडीखालचं पाणी

आमच्या गल्लीत रविवार उजाडला हे कॅलेंडर न बघताही कळतं. सात वाजले की एकेका फाटकातून प्लॅस्टिकचे पाईप बाहेर येतात आणि गाड्यांच्या अंघोळी सुरू होतात. घरातल्या माणसांच्या अंघोळी त्या दिवशी दहापर्यंत लांबतात, पोरं तर बारापर्यंत पारोशी. पण गाडी मात्र आठच्या आत न्हाऊन, अंग पुसून दारात उभी!

आमच्याकडेही तेच चालायचं. आमच्या ह्यांनी वीस वर्षं स्कूटर चालवली. पाच-सहा वर्षांपूर्वी हप्त्यावर एक छोटी पांढरी गाडी घेतली. घराण्यातली पहिली गाडी! तिचं कौतुक किती म्हणून सांगू? पहिल्या दिवशी मी तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. तेव्हापासून दर रविवारी गाडी धुणं हा ह्यांचा नेमच झाला. एरवी चहाचा कपसुद्धा जागेवरून न हलवणारा माणूस गाडीसाठी मात्र बादली, फडकं, शाम्पू सगळं स्वतः काढायचा. मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, चकचकीत गाडीतून गावाला जाताना मीही खिडकीची काच खाली करून बसत होते.

मग आला २०२४चा मे महिना. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता. २०२३च्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा असे पाच तालुके होते. आठांपैकी पाच! आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. बोअर वीस-पंचवीस मिनिटं चालून धाप लागल्यासारखी थांबायची. पण रविवारची ती वीस-पंचवीस मिनिटं गाडीची ठरलेली होती.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी रोज काम झालं की घरी पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार भरून नेत. त्यांच्या वस्तीत टँकर यायचा, तोही कधी यायचा, कधी नाही. त्या रविवारी त्यांचं काम आटोपलं तेव्हा ह्यांचा पाईप चालू होता. एकच नळ, त्यालाच पाईप लावलेला. मावशी जार घेऊन पायरीशी उभ्या राहिल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गाडीवरून ओघळलेलं पाणी फरशीच्या उतारावरून गटाराकडे चाललं होतं. त्याच्याकडे बघत मावशी अगदी सहज म्हणाल्या,

“बाई, हे गाडीखालचं पाणी घमेल्यात भरून घेऊ का वो? संडासला व्हईल.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तक्रार नव्हती. वाया जाणारी वस्तू मागावी तसं त्यांनी मागितलं. उरलेली पोळी मागावी तसं. पण माझ्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. ह्यांनीही ऐकलं होतं. काही न बोलता त्यांनी पाईप गाडीवरून काढून मावशींच्या जारात धरला. अर्धी गाडी साबणाच्या फेसात तशीच उभी राहिली.

मैत्रिणींनो, मी पंधरा-सोळा वर्षं बचत गटांचं काम करते. पाणी वाचवा, पाणी जिरवा, यावर गावोगाव बोलले आहे. आणि ज्या गाडीतून बोलायला जात होते, ती गाडी दर रविवारी अशी न्हाऊन निघत होती! ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण’ म्हणतात. मी तर चांगला ओला पाषाण निघाले.

दुसऱ्या दिवशी मी एक उद्योग केला. पंधरा लिटरची बादली घेतली, नळाला पाईप लावला आणि मोबाइलवर वेळ मोजली. बादली सव्वा मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला बारा लिटर. हे गाडी धुणार पंचवीस मिनिटं. मी बी.ए. मराठीची, गणिताशी माझं फारसं जमलं नाही. पण हा हिशोब बोटांवरसुद्धा होतो. तीनशे लिटर! वीस लिटरचे पंधरा जार. मावशी रोज दोन जार न्यायच्या. म्हणजे त्यांच्या घरचं सात-साडेसात दिवसांचं पाणी आमची गाडी एका रविवारी पिऊन टाकत होती. महिन्याचे चार रविवार धरले तर बाराशे लिटर.

आणि हा हिशोब कधी कुणी का मांडला नाही? कारण आपल्याकडे पाणी भरायचं काम बाईचं आणि सांडायचा हक्क सगळ्यांचा! रात्री दोन वाजता नळ आला की उठतं कोण? हौद, टाकी, पिंप, कळशी, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवतं कोण? भाज्या धुतलेलं पाणी कुंडीला, कपडे विसळलेलं पाणी अंगणाला असं एकाच पाण्याचं तीनदा काम काढतं कोण? आणि त्याच घरात गाडी धुताना पाईप जमिनीवर वाहता सोडून फोनवर बोलतं कोण? म्हणून गाडी धुणं हा विषय पुरुषांचा नाही, तो आपला आहे. गाडी कुणाच्याही नावावर असो, तिच्यावर ओतलेलं पाणी आपल्या झोपेतून आलेलं असतं.

आपल्या जिल्ह्याला हे सांगायला बाहेरचं कुणी लागू नये. ‘जालना सोने का पालना’ अशी आपल्या शहराची ख्याती. पण २०१२-१३च्या दुष्काळात या पाळण्याची दोरी कशी तुटायला आली होती ते आठवा. मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी पोटच्या लेकरासारखी वाढवलेली झाडं कुऱ्हाडीनं तोडली. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव आटला, त्यातला गाळ काढायला जालनेकरांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले. पुढं पैठणहून जायकवाडीची जलवाहिनी आली आणि आपल्याला वाटलं, सुटलो! पण पाईपातून पाणी येतं, पाऊस येत नाही. पावसानं ओढ दिली की जायकवाडीही आपल्यासारखीच आभाळाकडे बघते.

आणखी एक आठवण. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यात पाच लाख लिटर पाणी होतं. साऱ्या देशानं टीव्हीवर ती गाडी बघितली. आता माझा तीनशे लिटरचा हिशोब तिला लावून बघा. ती अख्खी रेल्वे म्हणजे साधारण सोळाशे मोटारींची एक अंघोळ! सोळाशे मोटारी तर आपल्या शहरात सहज निघतील. म्हणजे लातूरकरांनी ज्या पाण्याची हात जोडून वाट पाहिली, तेवढं पाणी एखादं शहर एका रविवारी सकाळी नाश्त्याआधी गटारात सोडू शकतं.

बाहेरच्या जगानंही हा धडा ठेच लागल्यावरच गिरवला. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन शहरात २०१८ साली नळ बंद पडायची वेळ आली, तेव्हा माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली आणि नळाच्या पाण्यानं गाड्या धुवायला बंदी आली. बेंगळुरूत मार्च २०२४मध्ये पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड लावला. चंदीगडमध्ये दर उन्हाळ्यात पाईप लावून गाडी धुणाऱ्यांवर कारवाई होते. पण दंडाच्या भीतीनं पाईप बंद करणं वेगळं आणि मावशींच्या तोंडाकडे बघून बंद करणं वेगळं. मला दुसरं जास्त टिकाऊ वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, पाईप बंद करा हे सांगणं सोपं. पण गाडी स्वच्छ कशी करायची? आपल्या रस्त्यांची धूळ काय साधी आहे?

आमच्याकडेही हाच प्रश्न उभा राहिला. पुढचे काही रविवार ह्यांनी दोन बादल्यांत भागवलं, पण तोंड वाकडं करून. जूनमध्ये लेक पुण्याहून आला, त्यानं एक स्प्रेची बाटली आणि चार जाड फडकी आणली. म्हणाला, “बाबा, याला पाणी लागत नाही.” हे हसले. “पाण्याशिवाय गाडी धुणं म्हणजे पावडर लावून अंघोळ केल्यासारखं!” मलाही ते पटलं नव्हतं. पण बाटली घरात आली होती, पैसे गेले होते. वाया कशी घालवायची? शेवटी ती बाटली माझ्याच हाती आली.

इथं कुठल्या कंपनीची जाहिरात करायची नाही. बाजारात आता अशी बरीच उत्पादनं मिळतात. मारुती सुझुकीसारख्या मोठ्या कंपनीनंही आपल्या सर्व्हिस सेंटरमधून पाण्याशिवाय गाडी स्वच्छ करायची पद्धत सुरू केली आहे. या द्रवात असतं काय? एक तर साबणाच्या जातीचा पदार्थ, जो मळ सोडवतो. दुसरा निसरडेपणा देणारा पदार्थ, जो धुळीच्या कणाभोवती बुळबुळीत थर करतो, म्हणजे कण पत्र्यावर घासला न जाता घसरून फडक्यात येतो. काहींत मेणही असतं. ब्राझीलमध्ये ताडाच्या जातीचं एक झाड आहे, त्याच्या पानांवर जमणारं कार्नोबा नावाचं मेण त्यासाठी वापरतात. त्यानं चकाकी येते आणि पुढची धूळ जरा कमी चिकटते.

आणि ती फडकी म्हणजे मायक्रोफायबरची. त्यांचे धागे आपल्या सुती धाग्यापेक्षा कितीतरी बारीक असतात, धूळ ते पोटात घेतात. या पद्धतीत अर्धं काम बाटलीचं आणि अर्धं फडक्याचं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं!

कारण पहिल्याच वेळी मी घोळ घातला. आदल्या संध्याकाळी वावटळ येऊन गेली होती, गाडीवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ होती. मी म्हटलं, नवी फडकी कशाला मळवायची? जुन्या साडीचा तुकडा घेतला, दोन-चार फवारे मारले आणि ओटा पुसावा तसं गोल गोल, खसाखसा पुसून काढलं. गाडी स्वच्छ दिसली. दुपारी ऊन पडल्यावर बॉनेटवर बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे! ह्यांनी बघितलं, मला काही बोलले नाहीत. दोन दिवस कशाबद्दलच बोलले नाहीत.

चूक माझी होती, बाटलीची नव्हे. धूळ म्हणजे शेवटी बारीक दगडच. नॉनस्टिक तवा आपण तारेच्या घासणीनं घासतो का? मी गाडीला तेच केलं होतं. मग बाटलीवरच्या सूचना नीट वाचल्या, लेकाला फोन लावला, दोन-चार वेळा करून बघितलं आणि हात बसला. तुम्हाला माझ्यासारखे ओरखडे पाडावे लागू नयेत म्हणून सगळं सांगते.

पहिलं म्हणजे गाडी सावलीत आणि गार असावी. तापलेल्या पत्र्यावर द्रव लगेच वाळतो आणि डाग पडतात. आपल्या घरात आधी केर आणि मग फरशी पुसणं हा क्रम असतो ना, तसंच इथं. धूळ जास्त असेल तर आधी मऊ झटकणीनं हलक्या हातानं वरची धूळ उडवायची, दाबून घासायचं नाही. सुरुवात टपापासून करायची आणि खाली यायचं. सगळ्यात खालची कड आणि चाकं शेवटी, तीही वेगळ्या फडक्यानं, कारण खरे खडे तिथंच असतात.

एका वेळी एकच भाग घ्यायचा, म्हणजे एक दार किंवा अर्धं बॉनेट. त्यावर भरपूर फवारा मारायचा. इथं कंजुषी केली की ओरखडे आलेच. अर्धा मिनिट थांबायचं, मळ सुटू द्यायचा. मग फडक्याची चौघडी करून, जोर न लावता, एकाच दिशेनं सरळ ओढायचं. गोल गोल मुळीच नाही. एकदा ओढलं की फडक्याची बाजू बदलायची. चौघडी केली की उलटून-पालटून आठ स्वच्छ बाजू मिळतात. शेवटी दुसऱ्या कोरड्या फडक्यानं हलकं पुसून घ्यायचं. आणि हो, फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद! भरलेला एक खडा सगळी मेहनत वाया घालवतो. तांदळात खडा राहिला तर दातच जातो ना, तसं.

आमच्या छोट्या गाडीला एका वेळी शंभर मिलिलिटरच्या आत द्रव लागतो. अर्ध्या लिटरची बाटली साडेतीनशेच्या आसपास पडली, त्यात पाच-सहा वेळा गाडी होते. म्हणजे वेळेला साठ-सत्तर रुपये. वॉशिंग सेंटरवर त्याच्या तीन-चार पट जातात. वेळ लागतो अर्धा तास, पाईपाइतकाच.

एक फायदा तर मला आपणहून सापडला. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड, ते आपल्याला स्टीलच्या नळावरून आणि हीटरच्या कॉइलवरून ठाऊकच आहे. तेच क्षार गाडीवर वाळून पांढरे ठिपके पडतात. आमच्या गाडीच्या काचांवर ते कायमचे बसले होते. पाईप बंद झाल्यापासून नवे ठिपके पडलेले नाहीत. म्हणजे इतकी वर्षं तीनशे लिटर पाणी घालून आम्ही गाडीला डागच देत होतो!

पण ‘पाण्याशिवाय’ या शब्दाला मी डोळे झाकून भुलणार नाही. फडकी धुवायला पाणी लागतंच. मला तीन-चार फडक्यांना अर्धी बादली पुरते. ती साध्या साबणात वेगळी धुवायची. सुती कपड्यांत टाकली तर त्यांचे तंतू फडक्याला चिकटतात आणि मऊपणा आणणारा द्रव घातला तर त्यांचं धूळ ओढणं कमी होतं. दुसरं, पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेली, काळ्या मातीच्या चिखलानं लडबडलेली गाडी या स्प्रेनं कधीही पुसू नका. ती धुवायलाच हवी. पण तीही बादली-मगानं धुता येते. आधी एक बादली पाणी मगानं वरून हळूहळू सोडून चिखल भिजवायचा, दुसऱ्या बादलीत शाम्पू. दोन-अडीच बादल्यांत काम होतं. एक टोपणभर द्रव अर्ध्या बादलीत टाकून पुसायचा, नंतर पाणी ओतायची गरज नसलेला, असाही एक प्रकार मिळतो. मध्यम मळलेल्या गाडीला तो बरा.

आणि घरगुती प्रयोग टाळा. चमक येते म्हणून काही जण रॉकेल किंवा डिझेलचं फडकं फिरवतात. त्यावर धूळ आणखी चिकटते, रंग खराब होतो आणि पेट घ्यायची भीती ती वेगळीच. भांड्याचा लिक्विड सोपही नको, गाडीवरचा मेणाचा थर तो उतरवून टाकतो.

आता ज्या शंका मला विचारल्या गेल्या त्यांच्याकडे वळते. पहिली, “आमची बोअर, आमचं पाणी, आम्ही काही करू!” बाई गं, बोअर तुझी, पण खालचं पाणी तुझ्या अंगणापुरतं थोडंच असतं? आपल्या पायाखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात. ती भेग तुझ्या अंगणातून शेजारणीच्या अंगणात जाते, तिथून रस्त्यापलीकडच्या वस्तीत. तू इकडे उपसलंस की तिकडचा हापसा खाली हवा ओढतो.

दुसरी शंका जास्त खरी आहे. “शहराभोवती लोखंडाचे कारखाने, जिल्ह्यात ऊस. त्यांना कुणी बोलत नाही आणि आमच्या दोन बादल्या मोजता?” हे मला मान्य आहे. मोठ्या वापराचा जाब मोठ्यांना विचारायलाच हवा, महानगरपालिकेला विचारायला हवा, गळक्या जलवाहिन्यांचा विचारायला हवा. माझं एवढंच म्हणणं आहे की तो जाब विचारायला उभं राहताना आपल्या दारातला पाईप वाहता नसावा. नाहीतर समोरचा आधी आपल्या फरशीकडे बोट दाखवील. जालना तालुक्यातल्या कडवंचीनं काय केलं? १९९६च्या सुमारास तिथं पाणलोटाचं काम सुरू झालं. गावकऱ्यांनी बांध घातले, शेततळी केली, पाणी मोजून वापरलं. २०१२च्या दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागा तगल्या. पाऊस त्यांच्यावरही आपल्याइतकाच रुसला होता. फरक पडला तो हिशोबाचा.

तिसरी शंका अलीकडची. “आता कुठला दुष्काळ? २०२५च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात पुरानं शेतं खरवडून नेली!” नेली, खरंच नेली, आपण डोळ्यांनी बघितलं. पण जे पाणी माती घेऊन वाहून गेलं ते मेमध्ये आपल्या हौदात परत येत नाही. एक वर्ष बुडायचं, एक वर्ष तहानेनं मरायचं, हे आता चालतच राहणार असं दिसतं. सवय मात्र बरसातीत लागली तरच उन्हाळ्यात कामाला येते.

एक शंका माझ्याच मनातली. सगळ्यांनी घरीच गाड्या पुसल्या तर वॉशिंग सेंटरवर दिवसभर पायजमे भिजवून राबणाऱ्या पोरांचं काय? त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. उलट हेच काम त्यांनी शिकावं. पाण्याचा खर्च वाचतो, मजुरी तीच राहते. धुवायचंच असेल तर वापरलेलं पाणी टाकीत निवळवून पुन्हा वापरायची सक्ती सेंटरवाल्यांना करावी. आणि आमच्या बचत गटांनाही मी सांगत असते, पापड-लोणच्याच्या पलीकडे बघा. चार बायका, चार बाटल्या आणि वीस फडकी एवढ्या भांडवलावर एखाद्या कॉलनीतल्या गाड्यांचं महिन्याचं काम घेता येईल. बारीक, नेटकं, न सांडता करायचं काम बायकांइतकं कुणाला जमतं?

राहता राहिला मोठा अडसर, ‘लोक काय म्हणतील’. मागच्या हिवाळ्यात एका लग्नाला आम्ही अंबडला गेलो. रस्त्याचं काम चालू होतं, गाडी भुरकी झाली होती. मांडवाच्या दारात एक नातलग बाई हसून म्हणाल्या, “गाडी घेतली, पण ठेवायची हौस नाही वाटतं तुम्हाला.” पूर्वीची मी असते तर तिथंच पदरानं काच पुसायला घेतली असती. या वेळी म्हटलं, “हौस आहे हो वन्सं, पाणी नाही.” त्या गप्प झाल्या. जेवणाच्या पंगतीत मात्र मुद्दाम शेजारी येऊन बसल्या आणि हळूच विचारलं, “ती बाटली कुठं मिळते?”

दारातली गाडी चकचकीत असणं म्हणजे घर सुखी, असं आपण कधी ठरवून बसलो कोण जाणे. रोज न्हालेली गाडी आणि चार दिवसांनी न्हाणारं माणूस एकाच गल्लीत असेल, तर त्या चकाकीत बघण्यासारखं काय आहे? महिन्यातून दोनदा पुसलेली, थोडी धुळकट गाडी दारात असणं हीच आपल्या भागात शहाणपणाची खूण मानली जावी, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे आता पाईप माळ्यावर गेला आहे. गाडी कधी हे पुसतात, कधी मी. दसऱ्याला मात्र ह्यांनी एक तांब्या पाणी चाकांवर घातलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. तेवढं पाणी देवाचं. मावशी अजून येतात, जार भरून नेतात. आता त्यांना नळाशी थांबावं लागत नाही. त्या रविवारी आपण काय बोलून गेलो, हे त्यांना बहुतेक आठवतही नसेल. मला मात्र कुणाच्याही दारात गाडीखालून ओघळ वाहताना दिसला की त्यांचं ते ‘घेऊ का वो’ कानांत येतं.

म्हणून एकच विनंती. येत्या रविवारी तुमच्या घरी पाईप निघाला की भांडू नका, भाषण देऊ नका. फक्त एक बादली आणि घड्याळ घेऊन अंगणात जा. बादली किती वेळात भरते ते मोजा, गाडीला किती मिनिटं लागतात ते मोजा आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्या घरी एवढं पुरलं.